कालियादहाची वाट

भर्तृहरीच्या गुंफांपासून निघावे, कालभैरवाचे दर्शन घ्यावे, सिद्धवटाशी थोडे विसावून कालियादह गाठावा. चढ नाही, घाई नाही. माळव्याच्या सुलतानांच्या या महालाचा जीर्णोद्धार १९२० साली माधवराव शिंद्यांनी केला. क्षिप्रेचे पाणी दगडी कुंडांतून खेळविण्याची योजना आजही थक्क करते. पडझड मात्र पाहवत नाही.

गेल्या रविवारी धाकट्या कन्येने तेथे विचारले, “बाबा, शिंदे म्हणजे सिंधियाच ना?” घरात आम्ही मराठीच बोलतो; (मी तर तीच शिकविणारा!) तरीही एवढी सांगड घालून द्यावयाची राहिलीच होती. परतताना राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारल्याची हकिकत सांगू लागलो. भैरवगढ आले तरी तिचे प्रश्न संपले नव्हते.