अंगाला वारा सोसत नाही, आणि दिसत तर काही नाही

घरात एखादे माणूस असे असते, की त्याच्या अंगाला कुणाचा हात लागलेला चालत नाही. अंघोळीचे पाणी झोंबते, लुगड्याचा काठ पोटरीला घासला तरी कळ उठते, रात्री वाकळ अंगावर घेतली की कातडी हुळहुळते. पाहायला जावे तर पुरळ नाही, चट्टा नाही, सूज नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. घरचे म्हणतात, "दिसत तर काही नाही, मग दुखतंय काय?" सासूला वाटते सून कामचुकार आहे, सुनेला वाटते म्हातारी सोंग करते. गडीमाणूस असला तर तो बोलतच नाही. सदरा काढून ओट्यावर बसतो आणि पोराबाळांवर खेकसतो.

वाचकहो, हे दुखणे खरे असते, हे आधी मनाशी पक्के करा. वैद्यकशास्त्रात त्याला अ‍ॅलोडिनिया असे नाव आहे. ज्या स्पर्शाने एरवी दुखायचे कारण नाही, त्या स्पर्शाने दुखणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हुळहुळणे हा शब्द आहेच. भाजल्यावर हात हुळहुळतो तेव्हा कुणी शंका घेत नाही, कारण भाजलेले डोळ्यांना दिसते. इथे बिघाड कातडीवर नसून तिच्या आतल्या मज्जातंतूंत असतो, म्हणून तो दिसत नाही, एवढाच फरक.

कातडीकडून मेंदूकडे खबर नेणारे तंतू एका जातीचे नसतात. जाड तंतू हलक्या स्पर्शाची खबर नेतात, बारीक तंतू वेदनेची. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत दोन्ही येऊन मिळतात, आणि तिथे पाटाच्या चारीला असते तसे एक दार आहे असे समजा. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली या दाराची कल्पना मांडली. पुढे तिच्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण समजून घ्यायला ती अजून कामाची आहे. तंतूला इजा झाली, किंवा वेदनेची खबर फार दिवस येत राहिली, की हे दार नीट लागत नाही. मग स्पर्शाच्या चारीचे पाणी वेदनेच्या वाफ्यात शिरते. लागतो लुगड्याचा काठ, आणि मेंदूला खबर जाते चटक्याची. त्या बाईला खरोखर चटकाच बसलेला असतो.

आता हे दार बिघडते कशाने? पहिले नाव नागिणीचे घ्यायला हवे, कारण तिथे वेळेला फार किंमत आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. पन्नाशी उलटल्यावर, किंवा आजारपणाने अंगातली ताकद कमी झाल्यावर, तो एकाच तंतूच्या वाटेने बाहेर येतो. फोड दिसायच्या आधी दोन-चार दिवस नुसती कातडी हुळहुळते, आग होते. आणि तीही अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी. छातीवर असेल तर माणसाला हृदयविकाराची भीती वाटते आणि पाठीत असेल तर उसण भरल्यासारखे वाटते. (छातीत दुखत असेल तर नागीणच असेल म्हणून घरी बसू नका. आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या.) एका बाजूचे असे दुखणे सुरू झाले, की रोज उजेडात ती जागा पाहत जा. फोड दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणूवरचे औषध ७२ तासांच्या आत सुरू झाले तर फोड लवकर बरे होतात. कपाळावर किंवा डोळ्याजवळ फोड आले तर एक तासही दवडू नका, दृष्टीचा प्रश्न असतो.

आपल्याकडे काय होते? नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, अशी समजूत आहे. म्हणून काव लावायची, मंत्र घालून घ्यायचा. तोंड-शेपूट मिळण्याचा आणि मरणाचा काही संबंध नाही. काव लावल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यात गेलेल्या तीन दिवसांनी. फोड सुकतात, खपल्या पडतात, आणि काहींच्या नशिबी त्या पट्ट्यात पुढे कित्येक महिने हुळहुळणे राहते. कातडी कोरी दिसते, पण सदरा सोसत नाही.

दुसरे कारण शेतातलेच आहे. सायपरमेथ्रिन किंवा लॅम्बडा सायहॅलोथ्रिन अशा जातीची औषधे फवारली, की त्या दिवशी तोंडाची, मानेची, हातांची कातडी चुणचुणते, आग होते, आणि आरशात पाहावे तर काहीच नाही. हे औषध कातडीतल्या तंतूंना नुसते डिवचते. घाम, ऊन आणि पाणी लागले की चुणचुण वाढते. बहुधा एका दिवसात ती आपोआप जाते. साबणाने अंग धुऊन, कपडे बदलून, त्या जागी खाण्याचे तेल लावले तरी आराम पडतो. मात्र त्याबरोबर तोंडाला लाळ सुटली, अंगाला दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधूक झाले, दम लागला, तर ते साधे काम नव्हे. ती विषबाधा समजा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात न्या. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीने किती घरे उघडी पडली, ते आपण विसरलेलो नाही.

पायांच्या तळव्यांपासून सुरू होऊन वर चढणारी, रात्री वाढणारी आग असेल, तर साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आकडा दोनदा आला तर तो मधुमेह. पुष्कळांना मधुमेह आहे हे तळव्यांच्या आगीवरूनच कळते. आणि साखर ठीक निघाली तरी ब-१२ हे जीवनसत्त्व तपासायला विसरू नका. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. भाजी-भाकरीत ते नसते. माळकरी घरात अंडे-मटण वर्ज्य, आणि दूध म्हणाल तर सकाळी कॅनमध्ये भरून डेअरीला जाते, घरात कोरा चहा उकळतो. दुभती म्हैस दारात आणि घरच्या बाईला ब-१२ ची कमतरता, हे चित्र काही कौतुकाचे नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन नावाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होते. त्यावरची इंजेक्शने स्वस्त आहेत, पण वेळेवर हवीत. फार उशीर झाला तर तंतूंची इजा पुरती भरून येत नाही. रोजची दारू हेही तंतू जाळणारे कारण आहे, त्यावर वेगळे सांगणे नको.

अर्धशिशीवाल्या बायकांना डोके उठले की वेणी घालवत नाही, केसांची मुळे दुखतात, ते याच जातीचे. कोपराजवळची नस जाड होऊन दुखत असेल आणि अंगावर कुठे बधिर चट्टा असेल, तर लाज न धरता सरकारी आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचे औषध तिथे फुकट मिळते आणि रोग पुरता बरा होतो. पायांतली शक्ती जाऊ लागली किंवा लघवी अडली, तर मात्र थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आणि सगळ्या तपासण्या करूनही काही सापडत नाही, असेही होते. सर्वांग दुखते, झोपून उठले तरी थकवा जात नाही, कातडी हळवी झालेली असते, आणि कागदावर सगळे 'नॉर्मल'. फायब्रोमायल्जिया नावाचा असा आजार आहे, तो बायकांत अधिक दिसतो. कागद कोरा आला म्हणजे दुखणे खोटे ठरले, असा त्याचा अर्थ लावू नका. अशा वेळी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून रोज खाण्याने तंतूंचे दुखणे हटत नाही, मूत्रपिंडे मात्र खराब होतात. डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगॅबालिन अशा गोळ्या थोड्या मात्रेत देतात. यातली पहिली गोळी उदासीच्या आजारातही वापरतात. ते कळले की घरात कुजबूज सुरू होते, "हिला वेड्याची गोळी दिली." तसे काही नाही, त्याच गोळीने दार थोडे लागते. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवातीला सकाळी गुंगी राहते, तेव्हा विळा-कोयता जपून हातात घ्यावा. गोळी मनाने एकदम बंद करू नये. बिब्बा घालणे, डाग देणे हे तर मुळीच नको. दुखऱ्या कातडीवर खरी जखम तेवढी होते.

रोजचे जगणे सोपे करायला काही गोष्टी घरात करता येतात. जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड अंगाला सोसते. पोलक्याची शिवण बाहेरच्या बाजूला येईल असे ते उलटे घालायला हरकत नाही. घरात कोण बघतो? पायांना पांघरूण सोसत नसेल तर बांबूची मोठी पाटी मधून कापून कमानीसारखी पायांवर ठेवावी आणि वाकळ तिच्यावरून घ्यावी. हलका, घासता स्पर्श जास्त झोंबतो, त्यापेक्षा घट्ट ठेवलेला हात पुष्कळांना सोसतो. म्हणून आजीच्या अंगावरून हात फिरवू नका, विचारून तिचा हात हातात धरा. नातवंडांनाही तसे शिकवा, ती लवकर शिकतात.

दवाखान्यात जाण्याआधी, दुखते तेवढ्या जागेभोवती बॉलपेनने कातडीवरच रेघ काढून घ्या. एका बाजूला आहे की दोन्ही, पट्टा आहे की मोज्यासारखे आहे, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळते. केव्हापासून दुखते, रात्री वाढते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणती फवारणी केली, हे पोराच्या वहीच्या पानावर लिहून न्या. आणि बाई जाणार असेल तर बरोबर घरातले असे माणूस पाठवा, जे तिच्याआधी उत्तरे देणार नाही.