काळजीवाहू नवरा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या वजिराबादेतल्या घरी हौशी नाटकमंडळी आली. राज्य नाट्य स्पर्धेच्या नांदेड केंद्रावर त्यांना विजय तेंडुलकरांचे १९८१ सालचे 'कमला' करायचे होते, आणि त्यातल्या सरितेसाठी आमच्या सौभाग्यवती हव्या होत्या.

मी हसून म्हणालो, "छे हो! रात्रीच्या तालमी, त्यात थंडीचे दिवस. तिला दगदग झेपायची नाही."

सौ. चहा घेऊन दारातच उभी होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, पण मला कुणी विचारलं का?"

मंडळी आपापल्या बशीत पाहू लागली.

मी मनातून दुखावलो. मी का हिचा वैरी? रात्री त्यांनी ठेवलेली नाटकाची प्रत उघडली. पत्रकार जयसिंग जाधव कमला नावाची आदिवासी बाई अडीचशे रुपयांना विकत आणतो. हेतू उदात्त, बायकांचा बाजार चव्हाट्यावर आणायचा! मात्र तिला पत्रकार परिषदेत उभे करण्यापूर्वी तिचे मत विचारावे, हे त्याच्या ध्यानीमनी येत नाही. आणि ही भोळी कमला त्याच्या शिकलेल्या बायकोलाच विचारते, की तिला केवढ्याला आणले! सरितेचे डोळे तिथे उघडतात. माझे मिटेनात.

१९१९ सालच्या 'एकच प्याला'तला सुधाकर दारुडा. त्याचा दोष शेवटच्या रांगेतूनही दिसतो. सिंधूसाठी रुमाल भिजवावा आणि निश्चिंत घरी जावे. आपण थोडेच पितो! जयसिंग तसा नव्हे. तो कर्तबगार, चारचौघांत मान असलेला. बाईला छळणारा ओळखू येतो. तिच्या वतीने ठरवणारा येत नाही, कारण तो आपल्यासारखाच दिसतो. शेवटी त्याची नोकरी जाते, तेव्हा सरिताच आपले बंड बाजूला ठेवून त्याला सावरते. पण कायमचे नव्हे, हेही ती बजावते.

सकाळी मी मोठ्या मनाने म्हणालो, "तू कर ती भूमिका. माझी परवानगी आहे."

सौ. भाजी निवडीत म्हणाली, "मी रात्रीच त्यांना होकार कळवलाय."

पुढे पाठांतराला जयसिंगाची वाक्ये मीच वाचत असे. मी जरा आवाज चढवून अभिनय करू लागलो, की सौ. थांबवी. म्हणे, "नेहमीसारखं बोला. तेच बरोबर वाटतं."