पंचनामा कोणाचा?

गोव्यातील हणजुणे किनाऱ्यावर १८ फेब्रुवारी २००८ रोजी सकाळी एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, तेव्हा पोलिसांनी बुडून मृत्यू अशी नोंद करून कागद बंद करण्याची तयारी केली होती. मुलीची आई त्या वेळी गोकर्णकडे होती. ती परतली, तिने ही नोंद मान्य करण्यास नकार दिला, दुसरे शवविच्छेदन झाले आणि अंगावरील पन्नासच्या आसपास जखमा प्रथमच कागदावर आल्या. त्यानंतर गुन्हा खुनाचा झाला, दोघांना अटक झाली, एका पोलिस अधिकाऱ्याला निलंबित करावे लागले आणि जूनमध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेला. हा घटनाक्रम अनेकांच्या स्मरणात असेल. त्या महिन्यात पणजीत चाललेला दुसरा पंचनामा मात्र आता कोणी आठवत नाही. तो मुलीच्या मृत्यूचा नव्हता, आईच्या राहणीचा होता. तिने मुलीला एकटी सोडलीच कशी, हे कुटुंब कसले, यांना गोव्यात बोलावले कोणी, हे प्रश्न आधी विचारले गेले. आईवरच निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्याची भाषा सत्ताधाऱ्यांकडून झाली. किनाऱ्यावर अल्पवयीन मुलीला अमली पदार्थ कोणी दिले, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

पुढे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. घटनेच्या रात्रीचा महत्त्वाचा ब्रिटिश साक्षीदार साक्ष द्यायला आलाच नव्हता. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा निकाल एका आरोपीपुरता फिरवला आणि सदोष मनुष्यवध, विनयभंग व पुरावा नष्ट करणे अशा गुन्ह्यांसाठी त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. दुसऱ्याची निर्दोष मुक्तता कायम राहिली. अकरा वर्षे गेली. या अकरा वर्षांतील बराचसा विलंब न्यायालयांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु खटला पांगळा झाला तो पहिल्या काही दिवसांत. त्या दिवसांत यंत्रणेला गुन्हा शोधण्यापेक्षा पर्यटनाचा हंगाम वाचविण्याची घाई अधिक होती.

ही घाई केवळ पोलिस ठाण्याची नव्हती, हे दोन वर्षांच्या आत दिसले. डिसेंबर २००९ मध्ये एका रशियन महिलेने गोव्यातील एका राजकारण्यावर बलात्काराचा आरोप केला. आरोप खरा की खोटा हे न्यायालयाने ठरवायचे होते. पण राज्यसभेत गोव्याचे काँग्रेस खासदार शांताराम नाईक यांनी निराळाच मुद्दा मांडला. अनोळखी माणसांबरोबर दिवसेंदिवस, मध्यरात्रीनंतरही हिंडणाऱ्या महिलेच्या कथित बलात्काराकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. नाईक हे व्यवसायाने वकील, कायद्याचे जाणकार. तक्रारदार स्त्रीचे चारित्र्य सैल असल्याचे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम १५५ चे चौथे पोटकलम संसदेनेच सहा-सात वर्षांपूर्वी रद्द केले होते. कायद्याच्या पुस्तकातून काढलेली ओळ त्याच संसदेच्या वरिष्ठ सभागृहात भाषण होऊन परत आली!

ही ओळ मुळात परदेशी पर्यटकांसाठी लिहिलेली नव्हती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटी ठरविले. नागपूर खंडपीठाने दोन्ही पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तीही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नाही, असा तर्क होता. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर निदर्शने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. ज्या जंगलपट्ट्यात ते येते, तोच पुढे राजनांदगाव आणि बस्तरकडे पसरत जातो. ठाण्यातला पहिला प्रश्न मात्र तिथे आणि हणजुण्यात सारखाच निघाला: तू तिथे काय करीत होतीस?

मार्च २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील दतियाजवळ तो पुन्हा विचारला गेला. ओरछाहून आग्र्याकडे सायकलने निघालेल्या स्विस दांपत्याने जंगलाकडेला तंबू ठोकला होता. पतीला बांधून ठेवून पत्नीवर सामूहिक बलात्कार झाला. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री उमाशंकर गुप्ता यांनी घटनेचा निषेध केलाच, पण परदेशी पर्यटकांनी आपला कार्यक्रम पोलिस अधीक्षकांना कळवायला हवा आणि ते तसे करीत नाहीत, हेही सुनावले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेला तेव्हा तीन महिनेच झाले होते आणि न्या. जे. एस. वर्मा समितीचा अहवाल येऊन दोन महिनेही झाले नव्हते. वर्मा स्वतः मध्य प्रदेशचेच, हा योगायोग भोपाळमध्ये कोणाला बोचला असल्यास तो बाहेर दिसला नाही.

दतियात काँग्रेसने भाजप सरकारवर तोफ डागली. १ मार्च २०२४ रोजी झारखंडमधील दुमका जिल्ह्यात मोटारसायकलवरून जगभ्रमण करणाऱ्या स्पॅनिश पर्यटक महिलेवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा तिथे सत्तेत झारखंड मुक्ती मोर्चा व काँग्रेस होते. म्हणून तोफ भाजपची होती. गोव्यात २००८ मध्ये काँग्रेसचे सरकार होते, तिथेही भाजपच संतप्त होता. हा संताप पूर्णपणे खोटा असतो असे नव्हे. पण तो राज्याची सीमा ओलांडताना बरोबर आपले सरकार पाहून मवाळ होतो. दुमक्याच्या प्रकरणात तर केंद्रीय पातळीवरून निराळाच सूर निघाला. एका अमेरिकी पत्रकाराने भारतातील आपले अनुभव समाजमाध्यमावर लिहिले, त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्ष रेखा शर्मा यांनी, पोलिसांत तक्रार केली होती का, नसल्यास केवळ लिहून साऱ्या देशाची बदनामी करणे योग्य नव्हे, असे उत्तर दिले. महिलांच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९९२ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाला देशाच्या प्रतिमेची फिर्याद आधी नोंदवावीशी वाटली.

गंमत अशी की देशाची बदनामी त्या स्पॅनिश दांपत्याने केलीच नव्हती. हजारो किलोमीटरच्या भारतप्रवासात लोक चांगले वागले, दोष गुन्हेगारांचा आहे, लोकांचा नाही, असे त्यांनी जाताना सांगितले आणि ते नेपाळच्या वाटेला लागले. प्रतिमेची चिंता करणाऱ्यांनी आकडेही पाहायला हरकत नाही. दिल्ली आणि दतिया यांनंतर परदेशी महिला पर्यटक मोठ्या प्रमाणात घटल्याचा दावा असोचेम या उद्योगसंघटनेने केला, सरकारने तो नाकारला. वर्षअखेरीस २०१२ मधील सुमारे ६५.८ लाख परदेशी पर्यटकांच्या जागी २०१३ मध्ये ६९.७ लाख आल्याची नोंद झाली. म्हणजे बातमीने पर्यटन बुडाले नाही. जे लपवायचे म्हणून एवढा आटापिटा होतो, त्याचा हिशेबही पक्का नाही.

एक प्रतिक्रिया याच्या उलट टोकाची असते आणि तिच्याविषयी परमुलखात राहणाऱ्या माणसाने विशेष सावध असावे. किनाऱ्यावर काही घडले की गोव्यात ‘भायले’ लोकांकडे बोट जाते. मजूर, फेरीवाले, वेटर, म्हणजे बहुधा कर्नाटक, बिहार किंवा महाराष्ट्रातून आलेले. हणजुण्याच्या प्रकरणात दोषी ठरलेला मनुष्य गोव्याचाच निघाला. रायपूरचे मराठी कुटुंब भोसल्यांच्या काळापासून इथे असले तरी ‘बाहेरचे’ या शब्दाची धार त्यालाही ठाऊक असते. आरोपीला तिथल्या तिथे फाशी द्या, ही मागणीही तपासाला मदत करीत नाही. हणजुण्यातील दोघांपैकी एक जण दोन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला, हे विसरून चालणार नाही. तक्रार तपासणे हे न्यायालयाचे काम आहे. तक्रारदाराला तपासणे हे मंत्र्याचे, अधिकाऱ्याचे किंवा आयोगाचे काम नाही. दोन्ही गोष्टींना संशय हा एकच शब्द लावला जातो, म्हणून घोळ होतो.

आता मुद्दा रायपूरचा. नक्षलवाद ओसरू लागल्यापासून महानदी भवनातून बस्तरच्या पर्यटनाविषयी उत्साहाने बोलले जाते. चित्रकोटचा धबधबा, कांगेर खोरे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये आपल्या उन्नयन कार्यक्रमासाठी निवडलेले धुडमारास गाव, घरगुती निवासाची सोय. हे सारे चांगलेच आहे. परदेशी पाहुणा आता जंगलाकडेला मुक्काम करणार आहे आणि देव न करो, पण उद्या जगदलपूरच्या एखाद्या ठाण्यात तक्रार आली, तर पहिले वाक्य कोण बोलणार आणि काय बोलणार, हे ठरविण्याची वेळ आजची आहे. कायदा पुरेसा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंद करावीच लागते. न करणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली तुरुंगवास होऊ शकतो. दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब लवकर झाला आणि पुढे साक्ष दूरदृश्य प्रणालीने झाली, तर पर्यटक मायदेशी परतल्याने खटला ढासळत नाही. ही सोय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातील डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणातच मान्य केली आहे.

यंत्रणेने मनावर घेतले तर काय होते, तेही दिसले आहे. दतियात सहा जणांना घटनेनंतर चार महिन्यांत, २० जुलै २०१३ रोजी जन्मठेप झाली. अलवर येथे २००६ मध्ये जर्मन युवतीवरील बलात्काराचा खटला तर महिन्याच्या आत निकाली निघाला. (दोषी मनुष्य ओडिशातील वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याचा मुलगा होता, तो त्याच वर्षी पॅरोलवर सुटून पसार झाला आणि २०१३ मध्ये केरळात दुसऱ्या नावाने बँकेत नोकरी करताना सापडला, ही पुढची कथा.) दुमक्यात जिल्हा प्रशासनाने काही दिवसांतच दहा लाखांचा धनादेश दिला.

आणि बस्तरमध्ये? ऑक्टोबर २०१५ मध्ये विजापूर जिल्ह्यातील गावांतून सुरक्षा दलांवर लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आल्या, तेव्हा नक्षलवाद्यांचा अपप्रचार हे उत्तर तयार होते. प्रतिमा या वेळी राज्याची होती, तक्रारदार आदिवासी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये सोळा महिला प्रथमदर्शनी पोलिसांकडून बलात्कार, लैंगिक व शारीरिक अत्याचारास बळी पडल्याचे म्हटले आणि आठ जणींना प्रत्येकी तीन लाख, सहा जणींना दोन लाख, दोघींना पन्नास हजार, असे सदतीस लाखांचे अंतरिम साह्य का देऊ नये, असे राज्य सरकारला विचारले. पंधरा महिने गेले होते. त्या कुठे जात होत्या, हा प्रश्नही त्यांना विचारता येत नव्हता; त्या आपल्याच गावात होत्या.

परदेशी स्त्री ठाण्यात आली की दुभाषा शोधला जातो, आणि तो शोधलाच पाहिजे. बस्तरच्या हाटबाजारात चालणारी हलबी मराठीच्या जवळची आहे. बदलीवर गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला ती चार-सहा महिन्यांत समजू लागते. विजापूरच्या आतल्या गावांत गोंडी बोलतात. तिच्यासाठी दुभाषा लागतो.