पेस्ट कंट्रोल वर्षातून किती वेळा? झुरळांना विचारा!

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'रविवारी पेस्ट कंट्रोल, नावं द्या.' घरमालक राहतात ते फ्लॅट पटापट नावं देतात. भाड्यानं राहणारी आपली गँग मात्र 'मालक पैसे देणार का?' यावरच अडून बसते. तोवर शेजारची झुरळं पाइपांच्या फटींतून आपल्याकडे राहायला येतात. तीही बिनभाड्यानं!

'वर्षातून किती वेळा?' हे आपण कंपनीचं पॅकेज बघून ठरवतो. खरं तर ते किड्यावर ठरायला हवं. ओट्याखालच्या छोट्या, तपकिरी जर्मन झुरळाच्या अंड्यांच्या एका पिशवीत ३०-४० अंडी असतात आणि फवाऱ्याचा त्या पिशवीवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात हवाच. ढेकणांची अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, तिथेही दोन आठवड्यांनी पुन्हा ट्रीटमेंट लागते. दुसरा हात नसेल तर पहिल्याचे पैसे पाण्यात.

पण म्हणून दर महिन्याला फवारा मारायचीही गरज नाही. तेच ते औषध सारखं मारलं की झुरळं त्याला दाद देईनाशी होतात. रात्री खरकटं न ठेवणं, सिंक कोरडं ठेवणं, फटी बुजवणं आणि पुन्हा दिसली तर जेल लावणं, एवढं बऱ्याच घरांना पुरतं.

आणि हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. एका खोलीत चार कॉट असलेल्या हॉस्टेलमध्ये 'एकदाच काय ते जालीम मारा' म्हणणं जिवावर बेतू शकतं. धान्याच्या कोठारांसाठी असलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांमधून ओलाव्यानं फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. त्या राहत्या खोलीत वापरायच्याच नसतात. त्यामुळे येणाऱ्या माणसाकडे परवाना आहे का, औषध कोणतं, खोलीत परत कधी जायचं, हे विचाराच. लाजू नका.

अकरा महिन्यांच्या भाडेकरारात भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, हेसुद्धा लिहिलेलं असतं. मग त्यात आणखी एक ओळ घाला : घर ताब्यात देण्याआधी मालकानं दोन हातांचं पेस्ट कंट्रोल करून द्यावं. पुढची स्वच्छता आपल्याकडे. आणि सोसायट्यांनो, तारीख ठरवताना भाडेकरूंनाही धरा. झुरळं काही अ‍ॅग्रीमेंट बघून घरात शिरत नाहीत.