देव्हाऱ्यातले टाक आणि तराजूतला तारा

बडोद्यास खंडेराव मार्केट १९०६ साली सयाजीराव महाराजांनी उभारले. त्याच्या बाहेर, झेंडूच्या राशींपलीकडे, जुन्या पितळी भांड्यांच्या ढिगात परवा एक सहा टोकांचा तारा आमच्या हाती लागला. गडद निळी फीत, मधोमध तांबडा पट्टा, दोहों बाजूंस नारिंगी रेघा. दुसऱ्या महायुद्धातील ‘बर्मा स्टार’ तो! विक्रेत्याने तो मोडक्या समईबरोबर तराजूत टाकला. “एका मराठी घरातून मोडीबरोबर आला,” एवढीच त्याची वंशावळ.

आमचा रोष विक्रेत्यावर नाही. त्या घरावर आहे. पूर्वजांचे टाक आपण सणावारी चिंचेने उजळतो. मग आजोबांचा तारा मोडीत कसा जातो?

कोणी म्हणतील, “ती इंग्रजांची चाकरी, तिचा गौरव कशास?” त्यांस आमचा प्रश्न असा की, ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगॉल’ या लहानग्या सुरुंगशोधक नौकेने दहा दहा हजार टनांच्या दोन जपानी जहाजांशी झुंज घेतली, तेव्हा तोफेशी उभे होते ते कोणाचे पुत्र? आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईस ‘तलवार’ तळावर त्याच नौदलाच्या खलाशांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला, तो विसरावा काय? ज्या हातांनी चाकरी केली त्याच हातांनी निशाण उतरविले. पदक फेकून देणारा ही दोन्ही पाने एकदमच फाडतो.

दुसरा पक्ष संग्राहकांचा. “आम्ही जपतो ना!” असे ते म्हणतात. जपतात खरे, पण काय? मखमलीच्या पेटीत धातू राहतो, माणूस हरवतो. पहिल्या महायुद्धाच्या रौप्यपदकाच्या कडेवर निदान नाव असे. दुसऱ्या युद्धातील पुष्कळ ताऱ्यांवर तेही नाही. सेवापुस्तिका, छायाचित्र, घरची पत्रे यांपासून तारा एकदा तुटला, की तो मुका झाला. एकाच वीराची चार पदके चार गिऱ्हाइकांस विकणारा तर मूर्तीचे हातपाय वेगळे करून विकतो.

त्या युद्धात अविभक्त हिंदुस्थानच्या नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे ६,००० खलाशी सागरात गेले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच त्यांत होते. त्यांना ना चिता लाभली, ना कबर.

आपल्या देवळांच्या पायरीपायरीवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्याच देवळात एक वही ठेवण्यास किती खर्च येतो? नाव, गाव, जहाज, वर्ष, पदक; पाच रकाने पुरेत. येत्या वर्धापनदिनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्धांस विचारून ते भरावेत. विचारण्याजोगे वृद्ध आता फार थोडे उरले आहेत.

तो तारा आम्ही समईच्या भावाने घेतला. ज्यांचा असेल त्यांनी न्यावा. मोल एकच: आजोबांचे नाव सांगावे.