आधी निगेटिव्ह धुंडाळा, मग रंग

‘स्कॅनला कुठली कलर फिल्म चांगली?’ हा प्रश्न आता रोल वापरणारा प्रत्येक जण विचारतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न प्रिंटबद्दल असायचा. निगेटिव्हवरून थेट कागदावर प्रिंट निघे. कागदाचा कॉन्ट्रास्ट ठरलेला, त्यामुळे रंगांचा उठाव फिल्मबरोबरच विकत घ्यावा लागे. म्हणून तर कोडॅकची पोर्ट्रा दोन प्रकारांत मिळायची : त्वचेच्या सौम्य छटांसाठी एनसी आणि ठसठशीत रंगांसाठी व्हीसी. २०१० मध्ये ४०० स्पीडची आणि पुढच्या वर्षी १६० स्पीडची ही जोडी मोडून कंपनीने प्रत्येकी एकच फिल्म ठेवली. ती बारीक ग्रेनची होती आणि स्कॅनिंगसाठी योग्य म्हणूनच बाजारात आली. रंग किती भडक हवेत हे आता दुकानात ठरत नाही, संगणकावर ठरते.

तेव्हा फिल्म निवडताना रंगांपेक्षा ग्रेन आणि एक्स्पोजरमधली चूक पोटात घालण्याची क्षमता पाहावी. रंग नंतर चढवता येतो. ग्रेन आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांत अडकून आलेला खरखरीतपणा मात्र सहजी निघत नाही.

निगेटिव्ह अंडरएक्स्पोज झाली की सावल्यांत तपशील थोडा आणि ग्रेन ठळक असतो. स्कॅनर सावली उजळायला जातो आणि ग्रेनच वर येतो. उलट टोकही बरे नाही. फिल्मचा नारिंगी मास्क मुळातच निळा प्रकाश अडवतो. त्यात निगेटिव्ह फार दाट झाली, तर निळ्या चॅनेलमध्ये खरखर दिसू लागते. म्हणून एक स्टॉप जास्त द्यायला हरकत नाही, तीन नकोत.

आमचा कौल असा. लग्न, माणसे, बदलता उजेड असेल तर पोर्ट्रा ४००. ट्रायपॉड आणि वेळ हाताशी असेल तर एक्टार १००. तिचा ग्रेन फार बारीक, पण मीटरिंग चुकले की सावल्या निळसर होतात. सरावाला गोल्ड २०० पुरे. फुजीची प्रो ४००एच जानेवारी २०२१ मध्येच बंद झाल्याचे जाहीर झाले. जुने रोल चढ्या भावाने घेण्यात शहाणपण नाही.

तरीही आमच्या कौलावर विसंबू नका. लॅबचे ऑटो करेक्शन दोन फिल्ममधला फरक पुसून टाकते. एक रोल घ्या आणि एकच दृश्य एक स्टॉप कमी, बरोबर, एक जास्त आणि दोन जास्त असे टिपा. नेहमीच्या लॅबमध्ये धुऊन घ्या आणि करेक्शन बंद ठेवून स्कॅन मागा. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून डोळ्यांनी पाहा. पुढच्या वीस रोलांची ऑर्डर त्यानंतरच द्या.