काळ्या दगडावर कोणाचं नाव?

सातवं सेमिस्टर आलं की हॉस्टेलमध्ये दोन साथी येतात. एक व्हायरल तापाची आणि दुसरी प्रोजेक्टच्या विषयांची. यंदा दुसऱ्या साथीचं नाव आहे ब्लॉकचेन! आमच्या विंगमध्ये पाच ग्रुप आहेत, त्यातल्या तिघांच्या सिनॉप्सिसवर हा शब्द आहे. कांद्याच्या साठवणीला ब्लॉकचेन, मार्कशीटला ब्लॉकचेन. आमच्या ग्रुपचा विषय तर सगळ्यांत भारदस्त: ‘साथरोगात बाधिताच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढताना खासगीपणा जपण्यासाठी ब्लॉकचेनचा वापर’. नाव ऐकूनच एक्स्टर्नल गार होणार, अशी आमची खात्री होती.

गाईड सरांनी सिनॉप्सिस शांतपणे वाचली. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “छान आहे. एवढंच सांगा, पेशंट बरा झाल्यावर त्याची नोंद पुसणार कशी?”

आम्ही उत्साहाने म्हणालो, “सर, ब्लॉकचेनमध्ये पुसता येत नाही. तेच तर त्याचं फीचर आहे!”

“मग ज्याची नोंद आहे त्याला एकदा विचारून या, त्याला हे फीचर हवंय का.”

मित्रांनो, त्या एका प्रश्नाने आमची पंधरा पानांची सिनॉप्सिस कोसळली. बाकीचे दोघे नवीन विषय शोधायला लागले. मी मात्र त्या प्रश्नातच अडकलो, कारण ज्याला विचारायचं तो माणूस माझ्या ओळखीचा होता.

मी वांगणीचा. कर्जत लाईनवर बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन. आमची बॅच म्हणजे २०२० ची, दहावीचा भूगोलाचा पेपर न देताच पास झालेली. त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधले एक काका रोज मुंबईला हॉस्पिटलमध्ये ड्युटीला जात होते. एके दिवशी त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्यांना न्यायला गाडी यायच्या आतच व्हॉट्सअॅपवर एक यादी आली. नाव, वय, बिल्डिंग, फ्लॅट नंबर, सगळं होतं तिच्यात. कोणीतरी कागदाचा फोटो काढून पुढे ढकललेला. संध्याकाळपर्यंत ती यादी गावभर झाली. दूधवाला जिन्यातच थांबायला लागला. काकू पाणी भरायला गेल्या की नळावरच्या बायका मागे सरकायच्या.

काका चौदा-पंधरा दिवसांत बरे होऊन आले. यादी मात्र बरी झाली नाही! पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा तीच जुनी यादी पुन्हा फिरली आणि काकांच्या दारासमोरून माणसं पुन्हा तोंड फिरवून जायला लागली. ती यादी मुळात कोणाच्या टेबलावरून फुटली, हे आजपर्यंत कोणालाच कळलेलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. पण त्याकडे नंतर येतो.

वांगणीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १७ एप्रिल २०२१ रोजी आमच्या स्टेशनवर पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळावर पडलेल्या मुलाला धावत जाऊन वाचवलं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्या मुलाची आई दृष्टिहीन होती. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. लोकलमध्ये वस्तू विकून त्यातल्या कित्येकांचं घर चालतं. आता विचार करा. यादी फोटोच्या रूपात फिरते, आणि मोबाईलमधलं वाचून दाखवणारं साधं सॉफ्टवेअर फोटोतली हस्तलिखित यादी धड वाचू शकत नाही. म्हणजे ज्याचं नाव यादीत आहे, त्यालाच ते सगळ्यात शेवटी कळणार, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. खासगीपणा ही फक्त मोठ्या शहरातल्या शिकलेल्यांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा कर्जत लोकलने आमच्याकडे यावं.

असो. आता थोडं टेक्निकल. संपर्काचा माग काढायला आपल्याकडे २ एप्रिल २०२० ला ‘आरोग्य सेतू’ आलं. नाव, मोबाईल नंबर, वय, लिंग, व्यवसाय भरून नोंदणी करायची. सर्व्हर आपल्याला एक डिजिटल ओळख देणार. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांची ओळख टिपून ठेवणार, शिवाय जीपीएसवरून आपण कुठे होतो तेही फोनमध्ये साठणार. माणूस बाधित निघाला की ही माहिती सर्व्हरवर जाणार. थोडक्यात काय, तर सगळ्या दोऱ्या मधल्या एका खुंटीला बांधलेल्या.

त्याच महिन्यात युरोपातल्या संशोधकांनी, आणि पाठोपाठ ॲपल आणि गूगलने, दुसरी वाट दाखवली. ॲपल-गूगलची पद्धत २० मे २०२० ला खुली झाली. त्यात नाव नाही, नंबर नाही, जीपीएस नाही. फोन रोज एक गुप्त किल्ली तयार करतो आणि तिच्यापासून बनवलेले, साधारण दर पंधरा मिनिटांनी बदलणारे आकडे हवेत सोडतो. शेजारचे फोन ते ऐकून ठेवतात. मी बाधित निघालो, तर आरोग्य खात्याकडून कोड घेऊन माझ्या मागच्या चौदा दिवसांच्या किल्ल्या मी स्वतः पाठवायच्या. बाकीचे फोन त्या उतरवून घेतात आणि जुळणी आपापल्या पोटातच करतात. कोण कोणाला भेटलं, हे मधल्या सर्व्हरला शेवटपर्यंत कळत नाही. चौदा दिवस झाले की जुनं सगळं पुसलं जातं.

यात ब्लॉकचेन कुठे आहे? कुठेच नाही! खासगीपणा जपला गेला तो मुळात कमी लिहिल्यामुळे आणि लिहिलेलं वेळेवर विसरल्यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, २०२० मध्ये ब्लॉकचेनवर संपर्कशोधाचे कितीतरी पेपर आले, ‘बीपट्रेस’ त्यातलाच. ते लिहिणारे काय वेडे होते? मुळीच नाही. त्यांचा हेतू चांगला होता. सगळ्यांची माहिती एका मालकाच्या हातात नको, हा त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. पण आम्ही तेच डिझाईन हाताने करायला बसलो तेव्हा तीन खड्डे लागले.

पहिला खड्डा सरांनी दाखवलाच. ब्लॉकचेन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येक ब्लॉकमध्ये मागच्या ब्लॉकचा हॅश असतो, त्यामुळे मधली एक नोंद बदलली की पुढची सगळी साखळी तुटते. हिशेबाच्या वहीला हा गुण सोन्यासारखा. पण ताप चौदा दिवसांचा आणि त्याची नोंद जन्माची, हा कुठला न्याय? मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात केली, निवडणुकीची शाई वापरून. लोकांना ते आवडलं नव्हतं. पण ती शाई निदान काही दिवसांनी उडून तरी जायची! आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही माहिती पुसून मागण्याच्या हक्काची तरतूद आहे. न पुसता येणाऱ्या वहीत तो हक्क बसवायचा कसा?

दुसरा खड्डा हॅशचा. आम्ही लिहिलं होतं, “मोबाईल नंबर थेट न ठेवता त्याचा हॅश ठेवू, म्हणजे तो कोणालाच कळणार नाही.” किती सुंदर वाक्य! पण गणित करा. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून शक्य नंबर ४०० कोटी. मोठा आकडा वाटतो ना? आमच्या शेजारच्या रूममध्ये जो गेमिंग लॅपटॉप रात्रभर गरगरतो, त्याचं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ चे हे ४०० कोटी हॅश चहा संपायच्या आत काढून देईल. मग यादीतला हॅश शोधायचा आणि समोरचा नंबर वाचायचा. हॅशमध्ये गुप्त मीठ घालता येतं, मान्य. पण ते मीठ कोणाकडे ठेवायचं? म्हणजे विश्वासू मालक पुन्हा आलाच. आणि वांगणीसारख्या ठिकाणी नंबरही लागत नाही. तारीख, वेळ आणि ‘वांगणीत एक बाधित’ एवढं कळलं, की कोणाच्या दारात गाडी आली ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

तिसरा खड्डा म्हणजे नोड कोणाचे? साखळी सर्वांना खुली ठेवली तर आजाराच्या नोंदी जगभरच्या मशिनवर जाणार. मोजक्यांपुरती ठेवली, तर ते मोजके म्हणजे त्याच खात्याची चार ऑफिसं. चार कपाटांना एकाच साहेबाची चावी! मग साधा डेटाबेस काय वाईट होता? शिवाय बाधित खरंच बाधित आहे का, हे साखळीला कुठे कळतं? ते लॅबनेच सांगायचं. खोटं लिहिलं तर खोटंच कायमचं कोरलं जाणार. एकूण काय, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मग ब्लॉकचेन टाकाऊ आहे का? नाही. इथेच मला माझं म्हणणं मांडायचं आहे. आपण दगड बरोबर निवडला होता, त्यावर नाव मात्र चुकीच्या माणसाचं कोरत होतो.

काकांची यादी कोणी फोडली हे कळलं नाही, आठवतं? आरोग्य सेतूच्या माहितीसाठी ११ मे २०२० ला सरकारने एक नियमावली काढली. माहिती साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, असं तिच्यात होतं, ही चांगली गोष्ट. पण माहिती कोणकोणत्या संस्थांना दिली याची नोंद ठेवायची ती ‘वाजवी असेल तितपत’, अशा अर्थाची सवलतही त्यातच होती. बघा गंमत! नागरिकाची नोंद सक्तीची आणि ती पाहणाऱ्याची नोंद जमेल तशी. पुढे संपर्कशोधाची सोय बंद केली आणि तिची माहिती पुसली, असं सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. पुसली असेलही. पण तुम्हा-आम्हाला ते तपासता येईल असा कागद आहे का?

म्हणून मी म्हणतो, वही पालटा. रुग्णाची माहिती पुसता येईल अशा साध्या ठिकाणी, कमीत कमी आणि ठरावीक दिवसच ठेवा. आणि ती कोणी उघडली, कधी उघडली, कोणत्या कारणाने उघडली, कोणाला दिली आणि शेवटी कधी पुसली, हे त्या काळ्या दगडावर कोरा. तिथे रुग्णाचं नाव नको, त्याच्या नंबरचा हॅशही नको. यादीला एक फुटकळ क्रमांक आणि उघडणाऱ्याची सही एवढं पुरे. या साखळीचे नोड मात्र एकाच खात्याकडे नकोत. एक आरोग्य खात्याकडे, एक न्यायालयाकडे, एक एखाद्या विद्यापीठाकडे असावा. मग कोणा एकाला रात्रीतून पान फाडता येणार नाही.

हे दिवास्वप्न नाही. एस्टोनिया या चिमुकल्या देशात आपली आरोग्यनोंद कोणी पाहिली हे नागरिकाला स्वतः बघता येतं. तिथल्या आरोग्यनोंदींच्या अखंडतेसाठी गार्डटाइम कंपनीचं साखळीतंत्र वापरायचं २०१६ मध्ये ठरलं. त्यात रुग्णाची माहिती साखळीवर जात नाही, फक्त बदल झाला का ते सांगणारे ठसे जातात. आपल्या गडचिरोलीतही २०२२ मध्ये एटापल्ली भागातले जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. दाखला जन्मभर टिकायलाच हवा, म्हणून तिथे दगड शोभतो. ताप टिकायला नको.

या उपायालाही मर्यादा आहे. स्क्रीनचा कोणी मोबाईलने फोटो काढला तर साखळीला ते दिसणार नाही. पण त्या दिवशी ती यादी उघडणारे सहाच जण होते, एवढं तरी कळेल. ‘कोणीतरी फोडली’ आणि ‘या सहांपैकी कोणीतरी फोडली’ यात फार अंतर आहे. आपलं नाव लागणार हे माहीत असलं की माणसाचं बोट फॉरवर्डवर जाताना जरा थबकतं.

काही जण म्हणतील, माणसं मरत असताना खासगीपणाचं काय घेऊन बसलात? त्यांनी पुण्याचा इतिहास आठवावा. १८९७ च्या प्लेगमध्ये सोल्जर घराघरांत, थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. संताप इतका वाढला, की २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी आलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला होता. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या देशातही, संपर्कशोधाची माहिती गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना मिळू शकते हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झालं, आणि ओरड झाल्यावर त्यावर बंधनं घालणारा कायदा करावा लागला. धडा एकच आहे. माणसाला यादीची भीती वाटली की तो टेस्टच करत नाही. मग साथ कोणतं ॲप थांबवणार?

शेवटी आपल्या हॉस्टेलकडे येतो. मागे तापाची साथ आली तेव्हा आजारी मुलांची नावं रूम नंबरसकट मेसच्या बोर्डावर लागली होती. हेतू चांगलाच होता, पथ्याचं जेवण वेगळं काढायचं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ताप आलेली मुलं गोळी घेऊन गुपचूप लेक्चरला बसायला लागली आणि सगळ्या विंगला ताप आला!

यंदा एवढं करून पाहू. आजाऱ्यांची वही रेक्टर सरांकडे कुलपात राहील. मेसला नावं नकोत, पथ्याच्या ताटांचा आकडा पुरे. वहीच्या पहिल्या पानावर ती उघडणाऱ्या प्रत्येकाने सही करायची, मग तो रेक्टर असो की जी.एस. आतली पानं महिन्याने फाडायची आणि सह्यांचं पान मात्र जपून ठेवायचं. ब्लॉकचेन लागणार नाही, दहा रुपयांची वही आणि एक पेन पुरेल. हे जमलं तर आमचा प्रोजेक्ट पास झाला असं मी समजेन. आणि हो, नवी सिनॉप्सिस सरांना दाखवली. विषय तोच आहे, फक्त वही पालटलेली. सर एवढंच म्हणाले, “आता पहिली सही माझी घ्या.”